तोंडाला फेस

प्यायच्या चॉकलेटला फेस आणायला मेक्सिकोत लाकडी मोलिनियो वापरतात. नावाचा अर्थ ‘छोटी गिरणी’. गिरणीला निदान मोटर असते. इथे मोटर आपण.

मराठी माणूस तो बघताच म्हणतो, ‘हात्तिच्या, ही तर रवी!’ आणि तिथेच फसतो. रवीने घुसळलं की लोणी तरी हाती लागतं. मोलिनियो नुसती हवा भरतो.

खाली खाचा पाडलेलं बोंड, वर दांडा, दांड्यावर सैल कड्या. या कड्या आत घातल्या कशा, यावर डोकं शिणवू नये. त्या घातलेल्या नसतातच. कातारी त्याच लाकडातून त्या सुट्या कोरतो. फिरवताना खुळखुळ्यासारख्या वाजतात, म्हणजे आपले हाल शेजाऱ्यांनाही कळतात.

एक लिटर दुधाला मेक्सिकन चॉकलेटची साधारण ९० ग्रॅमची चकती. तिच्यात साखर नि दालचिनी असतेच, वेगळी घालू नये. तुकडे करून मंद आचेवर विरघळवायची; दुधाला वाफ यावी, उकळी नको. मग अरुंद गळ्याच्या उंच भांड्यात ओतायचं, तेही अर्धंच. उरलेली जागा फेसाची. पसरट पातेल्यात दूध दांड्याबरोबर गोल फिरतं आणि काठ चढून शेगडीवर उतरतं.

बोंड बुडालेलं हवं, पण तळाला टेकलेलं नको. टेकलं की घासतं आणि वेग मरतो. दांडा सरळ धरून दोन्ही तळव्यांत वाती वळल्यासारखा मागेपुढे फिरवायचा, पण झपाट्याने. देवाला नमस्कार करावा तशा संथ हाताने फेस येत नाही. दोन-तीन मिनिटं लागतात. ऐकायला किरकोळ, खांद्यांना विचारा. फिरता मोलिनियो मात्र वर उचलायचा नाही, नाहीतर चॉकलेट भिंतीला. फेस आला रे आला की लगेच कपात. तो कोणासाठी थांबत नाही.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत मोलिनियो नव्हताच, असं मानतात. उडप्याकडे कॉफी वरखाली करतात तसं चॉकलेट उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत. १५५३च्या सुमाराच्या ‘तुदेला’ नावाच्या तिथल्या सचित्र हस्तलिखितात तशी ओतणारी बाई चितारली आहे. माझ्या मते तीच शहाणी.

शेवटी धुणं. मोलिनियो पाण्यात भिजत ठेवला की लाकूड फुगतं, तडकतं. गरम पाण्याखाली लगेच धुऊन टांगावा. खाचांत चॉकलेट वाळलंच, तर जुना टूथब्रश घ्यावा. जुना आहे ना, हे आधी घरात विचारून.