हौसेला मोल नसतं म्हणे!

कोण म्हणतं? पाठवा त्याला माझ्याकडे, बिलांची चळतच दाखवतो.

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला नाव घातलंय. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावायचं, एका दमात. लोकांना वाटतं, अवघड ते हेच. अहो, ते एका दिवसात उरकतं! त्याआधीचे सहा महिने कोण काढणार?

आमच्याकडच्या टँकवर सकाळची बॅच पाऊण तासाची. त्यात शॉवरची रांग, आणि संपायच्या पाच मिनिटं आधीच शिट्टी. उरली पस्तीस मिनिटं. टँक २५ मीटरचा, म्हणजे १.९ किलोमीटरला ७६ फेऱ्या. मला लागतात पन्नास मिनिटं. करा हिशोब. लेनची दोरी वगैरे प्रकार नाही. मी डोकं पाण्यात घालून मोजतोय, ४१, ४२... आणि समोरून एक काका डोळे मिटून, शेषशायी विष्णूसारखे आडवे तरंगत येतात. धडक! "अहो, जरा बघून!" हे मलाच. आता ४२ झाल्या होत्या की ४४? उथळ बाजूला कठडा धरून चौघांचं विधानसभेचं जागावाटप चाललेलं. तिथे वळायचं तर आधी "जरा सरकता का?" आणि महिन्याची फी मात्र पूर्ण.

सायकल सव्वा लाखाची. ही आमच्यातली गरिबाची बरं का. ऑफिसात आकडा फुटला तेव्हा एकजण म्हणाला, "एवढ्यात अ‍ॅक्टिव्हा आली असती की, वर पेट्रोलला उरले असते." त्यावर काय बोलणार? रविवारी पहाटे चारला उठून शिरवळपर्यंत जायचं आणि परत यायचं. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. दिसत नाहीत, टायरमध्ये बरोबर घुसतात. ट्यूब बदलली आणि तार आतच राहिली, की दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. गेल्या रविवारी खेड शिवापूरच्या पुढे मोबाईलच्या उजेडात टायरच्या आतून बोट फिरवत बसलो होतो. तार सापडली, बोटात शिरल्यावर. सहाशेची एक, अशा दोन ट्यूब गेल्या. तेवढ्यात राँग साइडने, दिवा न लावता येणारा एक बाइकवाला थांबून विचारतो, "पंक्चर का?" नाही हो, आरती करतोय.

बूट साडेनऊ हजारांचे, सातशे किलोमीटरांत तळ बसला. वाटेत ताकदीसाठी चोखायची जेलची चिकट गोड पुडी एकशेवीसला एक. आई म्हणते, "त्यापेक्षा चिक्की ने की." नेली होती. दम लागलेला असताना चिक्की चावून बघा, ठसका लागून सायकल डिव्हायडरकडे कशी जाते ते कळेल.

मागच्या वर्षी लक्झरीवाल्याने सायकलच्या खोक्याचे आठशे घेतले आणि वर कांद्याची तीन पोती टाकली. पणजीत खोकं उघडलं तर डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर वाकलेला. शर्यत दुसऱ्या दिवशी! एंट्री फी तर भरली की गेलीच. पोटरी धरो नाहीतर डेंग्यू होवो, परत नाही.

आणि वेळ? आठवड्याला बारा तास. हे फक्त व्यायामाचे. कपडे धुणं, चेन पुसणं, टँकबाहेर पार्किंग शोधणं त्यात नाही. रविवारी दुपारी वरणभात कालवता कालवता मला झोप लागते. बायको म्हणाली, "तू घरी असतोस तेव्हा झोपलेला असतोस." खरं आहे, म्हणून जास्तच चिडलो.

उद्या सोमवार. सफाईसाठी टँक बंद. प्लॅनमध्ये लिहिलंय २,००० मीटर. कोच ऑनलाइन, दुसऱ्या शहरात बसलेला. त्याला कळवलं तर म्हणतो, "मग ओपन वॉटर कर ना, नदीत नाहीतर तलावात!"

कुठे करू? मुठेत?