बारा मिनिटं आधी

गुडघे अजून अवघडलेले आहेत, म्हणून आजच लिहून टाकतो. उद्या राग ओसरेल.

दोन लहान विमानतळांमधलं अंतर फोनवर शोधलं होतं: ३०० किलोमीटर, उड्डाण ३६ मिनिटं. तिकिटावर मात्र १ तास २० मिनिटं. मधली ४४ मिनिटं कुठे गेली, हे मी शेजारच्या काकांना विचारलं. तिथेच चुकलो.

काकांच्या मांडीवर रकाने आखलेली वही होती आणि हातात दोन स्टॉपवॉच. "तुमचे ३०० किलोमीटर म्हणजे १६२ नॉटिकल मैल," ते म्हणाले. "एक नॉटिकल मैल १८५२ मीटरचा. अक्षांशाचा एक मिनिट म्हणा ना."

म्हणजे इथे अंतरसुद्धा मिनिटांत! मग वेळ कशात मोजतात, विचारायचा धीर झाला नाही.

"आणि ते अंतर कसलं? पृथ्वीच्या गोलाईवर ताणलेला दोरा. विमान दोऱ्यावरून जातं का? वारा समोरून घेऊन उडायचं असतं. वारा तुमच्या गावाकडेच वाहत असला तर आधी गावाकडे पाठ करून उडणार, मग वळणार." पंख्याचं विमान ताशी ५००च्या आसपास जातं, पण ते वर पोचल्यावर, चढता-उतरताना नाही, हेही कळलं. माझं लग्न ठरवताना इतकी चौकशी झाली नव्हती.

विमान हललं, काकांनी पहिलं घड्याळ दाबलं. चाकं सुटली, दुसरं दाबलं. तिकिटावरचा वेळ पहिल्या घड्याळाचा असतो म्हणे, जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेत ताटकळणं, उतरायला जागा नसली तर वर घिरट्या घालणं, सगळं धरलेलं. वाढत्या अंगाच्या पोराला सदरा शिवावा तसं वेळापत्रक शिवतात. वरून १५ मिनिटांच्या आतला उशीर हिशेबात 'वेळेवर'च. आपण पाच मिनिटं उशिरा गेलो तर मात्र दार बंद! ही सवलत एकाच बाजूला का, यावर कोणी बोलत नाही.

४३ मिनिटांनी चाकं टेकली. ६८ मिनिटांनी विमान जागेवर थांबलं. आपण १२ मिनिटं आधी पोचलो आहोत, अशी घोषणा झाली. काकांनी टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं भाबडे सामील झाले.

आणि शिडी आली नाही.

सगळे उठून उभे. मी मान वाकडी करून, डोकं वरच्या कप्प्याला टेकवून, कोणाच्या तरी पिशवीचा पट्टा कानात घेऊन. पुढे बाळ रडत होतं, मागे एक गृहस्थ फोनवर "हो हो, पोचलो" म्हणत होते. खिडकीतून शिडी दिसत होती, हे विशेष. शंभरेक पावलांवर चाकांवर उभी होती, ढकलणारा कोणी नव्हता. २२ मिनिटं आम्ही तिच्याकडे आणि ती आमच्याकडे बघत राहिलो.

"काका, झाला ना उशीर?"

"छे! घड्याळ थांबलं. आपण थांबलोय, विमान पोचलंय."

त्यांनी वहीत '१२ आधी' लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्हटलं, शिडीची २२ मिनिटंही लिहा की. त्यांनी वहीचं पान वर-खाली पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं.

"त्याला रकाना नाही हो."

मी पेन मागितलं. दिलं नाही.