फोन ऐकतो म्हणे! डेटा मायनिंगच्या एका फॉरवर्डची उलटतपासणी

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. रामबागेतून सुटला की सुदामानगर, तिथून लोकमान्यनगर, आणि रात्रीपर्यंत पुण्याच्या नातेवाइकांमार्फत परत आपल्याकडेच. मजकूर थोडक्यात असा: डेटा मायनिंगवाल्या कंपन्या फोनच्या माइकमधून चोवीस तास आपलं बोलणं ऐकतात, त्यांच्या मशीनला आपल्याबद्दल सगळं कळतं आणि तिचा अंदाज चुकत नाही, आपली माहिती रोज विकली जाते, नाव दिलं नाही तर मात्र काही धोका नाही, आणि भारतात याविरुद्ध कायदाच नाही. एवढी भीती घालून झाल्यावर शेवटी सल्ला, की मुलांना याच क्षेत्रातला तीन महिन्यांचा कोर्स करायला लावा, लाखांचं पॅकेज मिळेल, खाली लिंक आहे. ज्या धंद्यापासून सावध राहायचं त्यातच पोराला घालायचं, यातला विनोद लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नसावा.

मी इथल्याच एका कंपनीत डेटा मायनिंगचं, म्हणजे नोंदींच्या ढिगातून उपयोगी कल शोधण्याचं काम करते, म्हणून ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं, "तू सांग गं, खरं का हे?" काही खरं आहे, बरंचसं नाही.

"फोन चोवीस तास ऐकतो."

आधी हिशेब करू. बोलणं अगदी हलक्या दर्जाचं, सेकंदाला 16 किलोबिट या वेगाने पाठवलं तरी तासाला सुमारे 7 एमबी, दिवसाला 170 एमबी आणि महिन्याला पाच जीबी डेटा जाईल. कुठल्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला ते फोनच्या सेटिंगमध्ये दिसतं. पाच जीबी लपायचे नाहीत. फोनमध्येच बोलण्याचे शब्द करून तेवढेच पाठवले तर डेटा वाचेल, पण बॅटरी बोंब मारेल. शिवाय अँड्रॉइड 12 आणि आयओएस 14 पासून माइक सुरू झाला की स्क्रीनच्या वरच्या बाजूला हिरवा किंवा नारिंगी ठिपका येतो.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली 17,260 अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. मात्र काही अ‍ॅप स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं आणि व्हिडिओ तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती, आणि याबद्दल एकही फॉरवर्ड मी आजवर पाहिलेला नाही. या भीतीला थोडा आधार आहे तो सिरीसारख्या, हाक मारली की उत्तर देणाऱ्या व्हॉइस असिस्टंटमुळे. हाक न मारताच सिरी जागी होऊन खासगी बोलणं रेकॉर्ड करते, अशा दाव्यात अ‍ॅपलने 2025 च्या सुरुवातीला चूक कबूल न करता 9.5 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पण चुकून जागं होणं वेगळं आणि चोवीस तास कान लावून बसणं वेगळं.

मग नणंदेशी महेश्वरी साडीबद्दल बोलले आणि तासाभरात साडीची जाहिरात आली, ती कशी? बोलणं झाल्यावर नणंदेने तुमच्याच घरच्या वायफायवर साड्या शोधल्या असतील. दोन्ही फोन एका जागी होते. आठवडाभरापूर्वी तुम्ही साडीच्या व्हिडिओवर क्षणभर थांबला होता. घरात लग्न आहे हे हॉल, केटरर आणि पत्रिकांच्या शोधावरून कधीच उमगलेलं आहे. आणि ज्या पन्नास विषयांवर बोललात पण जाहिरात आली नाही, ते कोण मोजतं? माइकची गरजच पडत नाही, आणि मला विचाराल तर हे ऐकण्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे.

"मशीनला सगळं कळतं, अंदाज चुकत नाही."

इथे जरा थांबते, कारण डेटा मायनिंग म्हणजे नेमकं काय, हेच त्या फॉरवर्डमध्ये नाही.

समजा, एखाद्या इंदुरी किराणा दुकानाची 1,000 बिलं आहेत. आकडे माझ्या मनाचे, फक्त समजण्यापुरते. 200 बिलांत पोहे आहेत, 600 बिलांत शेव, आणि 150 बिलांत दोन्ही. म्हणजे पोहे घेणाऱ्यांतले 75 टक्के लोक शेवही घेतात. नवशिका उड्या मारत येतो, "सापडलं, पोह्यांशेजारी शेव ठेवा!" अरे बाबा, इंदुरात शेव कोण घेत नाही? एकूण गिऱ्हाइकांत 60 टक्के लोक ती घेतातच. 75 भागिले 60 म्हणजे सव्वा. फार मोठा शोध नाही. आता जिरावन घ्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. ते 80 बिलांत आहे, आणि त्यातल्या 60 बिलांत पोहेही आहेत. म्हणजे पोहे घेणाऱ्यांत जिरावनचं प्रमाण 30 टक्के, एकूण गिऱ्हाइकांत फक्त 8. भागाकार पावणेचार! ही जोडी खरी. या भागाकाराला आमच्यात 'लिफ्ट' म्हणतात. 30 टक्के हा आकडा 75 पेक्षा लहान, तरी माहिती त्यातच जास्त.

लाखो बिलं आणि हजारो वस्तू असल्या की अशा जोड्या हाताने शोधणं अशक्य होतं. म्हणून 1994 साली आयबीएममधल्या राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 'अ‍ॅप्रायॉरी' नावाची रीत मांडली. तिचं तत्त्व सोपं आहे: एखादी वस्तूच क्वचित खपत असेल, तर ती असलेली कुठलीही जोडी किंवा तिकडी वारंवार खपणं शक्य नाही, ती तपासूच नका. एवढ्याने कामाचा डोंगर कितीतरी कमी होतो. आपल्या नावांची माणसं या शास्त्राच्या पायाशी आहेत, हे फॉरवर्ड करायला हरकत नाही.

यात 'तुम्ही' कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आहे तो तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांचा कल, आणि कलावरून केलेला अंदाज चुकतोच. बँकेचं उदाहरण घेऊ, आकडे पुन्हा कल्पित. दिवसाला एक लाख व्यवहार, त्यातले 100 फसवणुकीचे. यंत्रणा इतकी चांगली की 100 पैकी 95 पकडते आणि सरळ व्यवहारांतल्या फक्त एक टक्क्यावर खोटा संशय घेते. एक टक्का म्हणजे 999 सरळमार्गी माणसं! अडवलेल्या 1,094 व्यवहारांत खरे चोर 95, जेमतेम नऊ टक्के. सराफ्यात दागिने घेताना कार्ड अडकलं तर बँकेवर चिडण्याआधी हे गणित आठवा. अशा यंत्रणांनी लोकांचे पैसे वाचतात, यात शंका नाही. मला काळजी वाटते ती त्या 999 लोकांची, आणि त्यांची तक्रार ऐकायला माणूस बसलेला आहे की नाही याची. कर्ज नाकारलं, विम्याचा हप्ता वाढला, तिथेही हाच प्रश्न. कर्जाच्या बाबतीत निदान एक खिडकी आहे: आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागवा आणि चुका शोधा.

"तुमची माहिती रोज विकली जाते."

अर्धं खरं. मोठ्या जाहिरात कंपन्या तुमची यादी सहसा हातात देत नाहीत, कारण तीच त्यांची तिजोरी. 'इंदूरच्या, तिशीतल्या, साड्या शोधणाऱ्या बायकांना जाहिरात दाखवा' एवढी सोय त्या विकतात. पण हातून निसटतं, तेही मोठ्या प्रमाणात. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरची माहिती उचलल्याचं प्रकरण 2018 साली बाहेर आलं, तेव्हा प्रश्नावली भरणारे सुमारे पावणेतीन लाख होते आणि मित्रयाद्यांतून ओढली गेलेली माहिती 8.7 कोटी लोकांपर्यंतची होती. म्हणजे आपण काही भरलं नाही तरी मित्राने भरल्यावर आपण गेलोच.

आणि दहावीचा निकाल लागला की भंवरकुआंच्या बाजूने कोचिंगवाल्यांचे फोन सुरू होतात, त्याला डेटा मायनिंग म्हणू नका. ती सरळसरळ नंबरांच्या यादीची विक्री आहे. तिला कुठलंही गणित लागत नाही, एक पेन ड्राइव्ह पुरतो.

"नाव दिलं नाही तर धोका नाही."

सगळ्या फॉरवर्डमधलं हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते धीर देतं.

एका पिनकोडात एक लाख लोक राहतात असं धरा. जन्मतारखा किती? 80 वर्षं गुणिले 365, म्हणजे 29,200. स्त्री-पुरुष धरून 58,400 खाने. एक लाख माणसं या खान्यांत वाटली तर एका खान्यात सरासरी दोनसुद्धा येत नाहीत! लटान्या स्वीनी यांनी 2000 साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथले 87 टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा 63 टक्के निघाला. तोही काही कमी नाही. नेटफ्लिक्सने 2006 साली स्पर्धेसाठी नावं काढून सुमारे दहा कोटी रेटिंग खुली केली, तर अरविंद नारायणन आणि विताली श्माटिकोव्ह यांनी दुसऱ्या एका साइटवरच्या जाहीर रेटिंगशी ती जुळवून काही माणसं ओळखून दाखवली.

फॉरवर्डखालची लिंक मी उघडून पाहिली. फॉर्ममध्ये नाव ऐच्छिक आहे. जन्मतारीख, लिंग, पिनकोड आणि मोबाईल सक्तीचे.

"भारतात कायदाच नाही."

आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. संमती कशासाठी घेतली ते सांगायचं, ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी, आणि दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना तिथून 18 महिन्यांची मुदत आहे. दोष नाहीत असं नाही. सरकारी यंत्रणांना दिलेली सूट मला फार सैल वाटते. पण 'कायदाच नाही' म्हणून हात झटकणं सोयीचं असलं तरी खोटं आहे.

रोजच्या उपयोगाचं एक सांगते. बिल करताना मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. मॉलमध्ये काउंटरवरच्या मुलाने "नंबर सांगा मॅडम" म्हटलं की "नको भिया, असंच बिल कर" म्हणावं. होतं बिल.

"तीन महिन्यांत लाखांचं पॅकेज."

काकू, मावशी, ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांच्यासाठी. या कामाला मागणी आहे, हे खरं. बँका, विमा, औषध कंपन्या, ऑनलाइन दुकानं, सगळीकडे लागतं. पण बाहेरून दिसतो तो झगमगीत भाग लहान असतो. दिवसाचा मोठा वाटा जातो 'इंदूर', 'इंदौर' आणि 'इन्दौर' हे एकच गाव आहे हे यंत्राच्या गळी उतरवण्यात, आणि 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे ठरवण्यात. नव्वदच्या दशकाअखेरीस या क्षेत्राने कामाचा जो आराखडा मान्य केला, क्रिस्प-डीएम, त्यात सहा टप्पे आहेत आणि मॉडेल, म्हणजे अंदाज करणारं गणित बनवणं हा त्यांतला फक्त एक. पहिला टप्पा आहे धंदा समजून घेण्याचा. म्हणून दुकानात वाढलेला बी.कॉम.चा मुलगा इथे मागे पडतोच असं नाही.

शिकायचं ते एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा), संख्याशास्त्र, आणि मग पायथन किंवा आर यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा. याच क्रमाने, असं माझं मत. कोर्सवाल्याला विचारा: संख्याशास्त्राचे तास किती, आणि सरावाला डेटा साफ केलेला देता की कच्चा? पहिल्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

आणि एवढंही नको असेल, तर सुट्टीत ओळखीच्या दुकानातली 500 बिलं एक्सेलमध्ये घालून पोहे-जिरावनसारखा भागाकार करून बघू दे पोराला. दुकानदाराला विचारून, आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईल नंबरांचा कॉलम आधी काढून.