फाटकाची किल्ली द्या

काल सकाळी माझी मुलगी खो-खोच्या सरावाला गेली आणि पाऊण तासात रडत परत आली. ती रडणारी मुलगी नाही. गुडघा फुटला तर हळद दाबून पुन्हा पळणारी आहे. पण काल सूर मारला आणि उजवा तळहात थेट खिळ्यावर गेला. मांडवात लाल गालिचा ठोकायला वापरतात तो खिळा, अर्धा वाकलेला, टोक वर. आदल्या रात्री तिथे लग्न होतं. वऱ्हाड गेलं, केटरिंगवाले गेले, खिळे मातीत राहिले. तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि निवड चाचणी 11 दिवसांवर आली आहे.

मला आज शांतपणे लिहिता येणार नाही आणि लिहायचंही नाही.

ती जिथे सराव करते तो बडोद्यातला आमच्या घराजवळचा प्लॉट म्हणजे कुणाचा खासगी पार्टी प्लॉट नाही. टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीमच्या नकाशात तो खेळाचं मैदान म्हणून दाखवलाय. त्याला लागून जो लहान तुकडा आहे तो दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयीसाठी राखीव आहे. नकाशाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, चार वेळा घड्या घालून कडा फाटल्यात. बडोद्याबाहेरच्यांना टी.पी. स्कीम म्हणजे काय ते कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यात एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरतात, प्रत्येकाच्या मूळ प्लॉटातून कपात करतात आणि उरलेली जमीन नीट आकार देऊन फायनल प्लॉट म्हणून परत करतात. कापलेल्या जमिनीचं काय करायचं तेही कायद्यातच लिहिलंय. स्कीममधली 15 टक्के जमीन रस्त्यांना, 5 टक्के बागा आणि मैदानांना, 5 टक्के शाळा, दवाखाना, अग्निशमन यांसारख्या सोयींना, आणि 15 टक्के विकून खर्च काढायला.

माझ्या सासऱ्यांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून इथे प्लॉट घेतला होता. कपातीत त्यातला मोठा तुकडा गेला. घरात सगळे हळहळत होते, ते एकटे म्हणाले, ‘जाऊ दे, पोरांना मैदान होईल, आम्हाला म्हातारपणी दवाखाना जवळ होईल.’ रस्ते झाले. विकायचे प्लॉट विकले गेले, त्यांच्यावर सात-सात मजले चढले. सासरे गेले. मैदानाला कंपाउंड झालं आणि फाटकाला कुलूप लागलं.

ते कुलूप मांडवाचा टेम्पो आला की उघडतं. नवरात्रात नऊ रात्री उघडतं. साड्यांच्या सेलला उघडतं, फटाक्यांच्या स्टॉलना उघडतं. मुलांसाठी उघडत नाही. आमची मुलं मागच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून आत जातात, आपल्याच मैदानात चोरासारखी, आणि पाहुण्यांनी टाकलेल्या थर्माकोलच्या वाट्या बाजूला सारून फक्कीच्या रेघा मारतात. खो-खोचं मैदान किती लागतं हो? 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन खांब. एवढंच. त्या प्लॉटात अशी चार मैदानं मावतील आणि कडेने म्हाताऱ्यांना फिरायला वाट राहील.

आता माझ्या सासूबाईंचं ऐका. दोन वर्षांपूर्वी श्रावणात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वॉकर धरून उभं केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, आमचं काम झालं, आता निम्म्याहून जास्त काम फिजिओथेरपीचं आहे.’ जवळात जवळचं क्लिनिक सव्वातीन किलोमीटरवर. कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. 18 पायऱ्या. खुबा मोडलेल्या बाईला चालायला शिकवायचं, आणि त्यासाठी तिनं आधी 18 पायऱ्या चढायच्या! मी एका हातानं त्यांना धरायची, दुसऱ्या हातात वॉकर, रिक्षावाला बिचारा खाली मीटर थांबवून मागून आधार द्यायचा. प्रत्येक तिसऱ्या पायरीला त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं, राहू दे ना, घरीच करते.’ येण्याजाण्याचे 200, व्यायामाचे 350, आठवड्यातून तीनदा. सहा आठवडे केलं. मग माझ्या रजा संपल्या आणि त्यांचा धीरही संपला.

आज त्या 79 वर्षांच्या आहेत. घरातल्या घरात भिंत धरून चालतात. बाहेर पडत नाहीत, कारण पुन्हा पडायची भीती. घाबरून बसलं की पायातली ताकद आणखी जाते, ताकद गेली की तोल जातो, आणि तोल गेला की माणूस खरंच पडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. कुठे करावेत? आमच्या ओट्यावरून तो प्लॉट दिसतो. माझी 210 पावलं. तिथे तळमजल्यावर दोन खोल्या असत्या, भिंतीला धरायला दांड्या असत्या आणि शिकवायला एक माणूस असतं, तर त्या वॉकर घेऊन स्वतःच्या पायांनी गेल्या असत्या. वाटेत चार बायका भेटल्या असत्या.

म्हणूनच मी मैदान, दवाखाना आणि म्हाताऱ्यांची देखभाल या तिन्ही गोष्टी एका श्वासात मागते. ‘बेन, ते वेगवेगळे विषय आहेत’ हे मला तीन टेबलांवर तीन साहेबांनी सांगितलंय. खेळाचं टेबल वेगळं, आरोग्याचं वेगळं, समाजकल्याणाचं वेगळं. माझ्या घरात ते वेगळे नाहीत. माझ्या घरात एकाच पलंगावर टाके पडलेली नात आणि भिंत धरून चालणारी आजी बसल्या आहेत.

आणि हे काही मी परदेशातून आणलेलं खूळ नाही. हे बडोदं आहे! जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांनी काय केलं होतं? तिथे पोरं मल्लखांब आणि लाठी शिकायची आणि हात-पाय निखळलेला, हाड मोडलेला माणूस त्याच दारातून उपचाराला यायचा. कमावलेलं शरीर आणि मोडलेलं शरीर एकाच छपराखाली सांभाळायचे. लोणावळ्याची योगसंस्था कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद ऐन तारुण्यात, 1907 ते 1910, त्याच माणिकरावांकडे शिकत होते. 1923 साली हुतुतूचे नियम छापून काढले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं, पाठोपाठ खो-खोचेही. ज्या खेळाचा भारतानं जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकला, मुलींनीही आणि मुलांनीही, त्या खेळाचे नियम ज्या गावात छापले गेले त्या गावातली मुलगी भिंतीच्या भगदाडातून सरावाला जाते. सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग 1879 मध्ये लोकांसाठी केली. अजून आम्ही पाहुणे आले की तिथेच नेतो. दीडशे वर्षं होत आली, दाखवायला आमच्याकडे अजून तेच आहे.

घोषणा मात्र झाल्या. दोनदा. पहिल्या वेळी नारळ फुटला, कोनशिला बसली, पेढे वाटले. कोनशिलेच्या पायाशी आता मंडपवाले बांबू रचतात. दुसऱ्या वेळी मोठा फ्लेक्स लागला, ‘क्रीडा व आरोग्य संकुल’. चित्रात काचेची इमारत, निळा तरणतलाव, हिरवळीवर धावणारी गोरी माणसं. त्या चित्रात एकही म्हातारं माणूस नव्हतं, एकही वॉकर नव्हता. मी तो फ्लेक्स बघत उभी राहिले होते आणि मला रडू आलं होतं, कारण मला तरणतलाव नको होता. मी ऑफिसात गेले, विचारलं, कधी सुरू होणार? ‘थई जशे, बेन.’ म्हणजे होईल, ताई. सहा महिन्यांनी गेले. ‘फाइल उपर गई छे.’ वर म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा टेबलामागचे साहेबच बदलले होते आणि नव्या साहेबांनी मला प्लॉट कुठे आहे ते विचारलं. मी झेरॉक्स पसरली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

त्या गोल डागासकट तो कागद मी परत आणला. जपून ठेवलाय.

मला जे कळलंय ते असं. सिमेंटला पैसे निघतात, माणसाला निघत नाहीत. इमारत बांधायची तर टेंडर निघतं, कंत्राटदार येतो, उद्घाटन होतं, फोटो छापून येतात. फिजिओथेरपिस्टचा दर महिन्याचा पगार, मैदानावर पाणी मारणारा माळी, सकाळी साडेपाचला फाटक उघडणारा माणूस, संडास धुणारी बाई, यांच्यासाठी कुणी नारळ फोडत नाही. म्हणून काही भागांत इमारती उभ्या आहेत आणि आत धूळ आहे, आणि आमच्या भागात इमारतही नाही. सरकारचाच नियम आहे की शहरात 50,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी लिहिलेली आहे, छापलेली आहे. आम्हाला जे मिळतं ते म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या आणि ‘आता वय झालं, चालायचंच’.

वय झालेली माणसं आमच्या गल्लीत किती आहेत ते मी तुम्हाला बोटावर मोजून सांगते, कारण त्यांच्या घरच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. अकरा घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत. पोरं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, एकाचा मुलगा बंगळुरात. पैसे वेळेवर येतात. पण दुपारी बारा ते पाच त्या घरांत कोणी बोलत नाही. एका काकांना पार्किन्सन आहे, काकूंना त्यांना एकटं टाकून भाजीला जाता येत नाही. एक तास, फक्त एक तास कोणी काकांपाशी बसलं तर त्या बँकेत जाऊन येतील. दिवसा म्हाताऱ्यांना बसायला एक हॉल, दोन शिकलेल्या आया, एक पलंग, चहा. ही काही चैन मागत नाही मी.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला, 26 फुटांची धोक्याची पातळी आणि पाणी 35 फुटांच्या वर, तेव्हा आमच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. रात्री अकराला कॉलेजच्या पोरांनी दोन आज्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. ती कोण पोरं? भगदाडातून जाऊन कबड्डी खेळणारी. मैदानावर रोज भेटत होती म्हणून त्यांना ठाऊक होतं कोणत्या घरात कोणती आजी आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा इन्सुलिनचा डबा कुठे असतो. साहेब म्हणतात ते वेगळे विषय आहेत!

आता म्हणे 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार. होऊ दे, मला आनंदच आहे, माझी मुलगी टीव्हीला नाक लावून बघेल. पण तिकडे स्टेडियम उभी राहतील तेव्हा माझ्या मुलीला सरावाला खिळे नसलेली माती मिळणार आहे का, ते मला आज कळायला हवंय. 2030 मध्ये ती शाळेतून बाहेर पडलेली असेल.

मला काचेची इमारत नको. लग्नांचं बुकिंग बंद करा. मातीतले खिळे लोहचुंबक फिरवून काढा, ते आम्ही पालकच करतो, तुम्ही नुसती परवानगी द्या. दोन खांब रोवा. कडेने सपाट वाट, दर वीस पावलांवर एक बाक. शेजारच्या तुकड्यावर तळमजल्याच्या तीन खोल्या, दाराशी उतार असलेल्या, पायऱ्या नसलेल्या. एक फिजिओथेरपिस्ट, एक नर्स, दोन आया, एक माळी, एक चौकीदार, आणि त्यांचे पगार दर वर्षीच्या बजेटमध्ये लिहिलेले.

आज संध्याकाळी पुन्हा टेम्पो आला. बांबू उतरताना आवाज झाला तशा सासूबाई भिंत धरून ओट्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘आज कोणाचं गं लग्न?’ मुलगी आत पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून झोपली होती. मी फाटकापाशी गेले आणि कुलूप उघडणाऱ्या माणसाला विचारलं, किल्ली कोणाकडे असते? त्यानं नाव सांगितलं, नंबरही दिला. मी फोन केला. तीनदा वाजला, उचलला नाही.

उद्या सकाळी साडेनऊला मी त्या ऑफिसात झेरॉक्स घेऊन बसणार आहे. गल्लीतले जे चालू शकतात ते माझ्याबरोबर येताहेत, पार्किन्सनवाल्या काकांना रिक्षातून आणतोय. त्या फाटकाची दुसरी किल्ली करून हातात पडेपर्यंत आम्ही उठणार नाही.