फ्लॅनन बेटावरच्या तिघांची ती 'डायरी' खोटी आहे

स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटावरच्या लाइटहाऊसची ती पोस्ट परत फिरतेय. डिसेंबर १९०० मध्ये दिवा सांभाळणारे तीन कीपर (हेड कीपर डुकाट, असिस्टंट मार्शल आणि मॅकआर्थर) गायब झाले, टेबलावर अर्धवट जेवण, खुर्ची उलटी पडलेली, आणि डायरीत लिहिलेलं की डुकाट गप्प आहे, मॅकआर्थर रडतोय, वादळ शमलं, देव सगळ्यांच्या वर आहे वगैरे. वाचून अंगावर काटा येतो, मान्य, पण यातलं खरं एवढंच की तिघं गेले.

आधी जेवणाचं बघू. २६ डिसेंबरला बोट बेटाला लागली आणि बदली कीपर मूर पहिल्यांदा आत गेला. त्याचं पत्र आहे, त्यात भांडी एकदम स्वच्छ होती असं लिहिलंय, म्हणजे जेवणं उरकून भांडी घासूनच ते बाहेर पडले. उलटी खुर्ची आणि न खाल्लेलं जेवण आलंय गिब्सन नावाच्या इंग्रज कवीच्या १९१२ च्या कवितेतून.

आता डायरी. ती वाक्यं एका अमेरिकन मासिकाने १९२९ साली छापली, म्हणजे घटनेनंतर तब्बल २९ वर्षांनी. आणि जरा विचार करा ना, ही डायरी म्हणजे लाइटहाऊसचं लॉगबुक, रोजच्या नोंदींचं सरकारी दप्तर, वरचे साहेब येऊन तपासणार, त्यात मार्शलसारखा असिस्टंट आपल्याच हेड कीपरच्या मूडबद्दल कशाला लिहील? खऱ्या नोंदी १३ तारखेपर्यंत लॉगमध्ये होत्या आणि त्यापुढच्या दिवसांच्या पाटीवर खडूने, शेवटची १५ ला सकाळी ९ ची. वारा, बॅरोमीटर, थर्मामीटर, दिवा किती वाजता विझवला ते. रडणं-बिडणं काही नाही.

'मग गेले कुठे, काहीच पुरावा नाही' असंही पोस्टमध्ये आहे. पुरावा पश्चिमेच्या धक्क्यावर होता की! २९ तारखेला लाइटहाऊस खात्याचे सुपरिंटेंडंट मुइरहेड येऊन सगळं बघून गेले. समुद्रापासून ११० फूट उंचीवर कपारीत ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटून गेलेली, लोखंडी रेलिंग पिळवटलेलं, टनापेक्षा जड दगड जागचा हललेला, आणि २०० फूट उंचीवरचं गवत मुळासकट उपटलेलं. १५ तारखेला दुपारी तिघं ती पेटी सांभाळायला उतरले आणि मोठ्या लाटेने ओढून नेले, असा मुइरहेड यांचा निष्कर्ष.

डुकाट आणि मार्शल गमबूट-रेनकोट घालून गेले होते. मॅकआर्थरचा कोट मात्र आतच राहिला, तो नुसत्या शर्टवर धावला. मला वाटतं खालच्या दोघांना काहीतरी झालेलं बघून किंवा लाट येताना दिसून तो पळाला असणार. त्याच माणसाला तुम्ही रडूबाई करून फॉरवर्ड करताय, याचा मला खरंच राग येतो.

मूर वर दिव्याच्या खोलीत गेला तेव्हा दिवा पुसून ठेवलेला होता, तेल काठोकाठ भरलेलं, खिडक्यांचे पडदे लावलेले. रात्रीची सगळी तयारी करून ठेवली होती त्यांनी.