स्पीच थेरपी शिकताय? आधी कान तयार करा

स्पीच थेरपी शिकायला लागलं की पहिली खरेदी बहुधा शिट्ट्या, फुगे आणि फुंकायच्या खेळण्यांची होते, मुलाची जीभ-ओठ बळकट व्हावेत म्हणून. माझं मत विचाराल तर ते पैसे वाचवा आणि बरासा हेडफोन घ्या. मूल 'गाडी'ला 'दाडी' म्हणतं तेव्हा त्याची जीभ लुळी नसते. त्याच जिभेने ते घास फिरवतं, ओठ चाटतं. अडतं ते जिभेचा मागचा भाग नेमक्या वेळी मऊ टाळूला टेकवण्यात, नाहीतर 'ग' आणि 'द' हे दोन निराळे आवाज आहेत हे डोक्यात पक्कं होण्यात. फुंकर मारून यातलं काहीच शिकता येत नाही. (पक्षाघातानंतरचं बोलणं हा वेगळा विषय. तिथे स्नायू खरोखर दुबळे असू शकतात.)

आता कानाचं. समोर गाडीचं चित्र असलं की मूल काहीही म्हणो, आपला मेंदू परस्पर दुरुस्ती करून 'गाडी'च ऐकवतो. म्हणून सरावाचं रेकॉर्डिंग चित्र न बघता ऐका. दोघा विद्यार्थ्यांनी वेगवेगळं लिहा आणि मग एकेक आवाज ताडून बघा. जुळत नसेल तिथे भांडा, पुन्हा ऐका. लिहायचं ते आयपीएमध्येच, म्हणजे प्रत्येक उच्चाराला वेगळं चिन्ह देणाऱ्या आंतरराष्ट्रीय लिपीत. 'मराठी जशी बोलतो तशीच लिहितो' हा भ्रम इथे उतरतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं, दोन्हींतला 'ज' सारखा आहे का, म्हणून बघा!

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा, माइक तोंडापासून वीतभर. 'स'ची बरीचशी ताकद 4000 हर्ट्झच्या वर असते आणि जुन्या पद्धतीचा फोन कॉल साधारण 3400 हर्ट्झला कापला जातो. त्यामुळे फोनवर ऐकून 'स'बद्दल निकाल देऊ नये.

मग मोजणी. गप्पांच्या नमुन्यात 120 व्यंजनं यायला हवी होती आणि 84 बरोबर आली, तर 70 टक्के. 1982 साली मांडलेल्या मोजपट्टीत 85 टक्क्यांच्या वर उच्चारदोष सौम्य आणि 50 च्या खाली तीव्र. पण ती पट्टी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून बनलेली. दुसऱ्या भाषेच्या मुलाला तिचं लेबल जसंच्या तसं चिकटवणं हा आळस झाला.

उपचारात जोड्या कामाला येतात: गार-दार, काप-ताप. दोन चित्रं ठेवा. मुलाला 'गार' हवं असतं, तोंडातून 'दार' निघतं, तर निमूट दाराचं चित्र हातात द्या. 'असं नाही, असं म्हण' हे दहा वेळा सांगण्यापेक्षा त्या क्षणीचा त्याचा गोंधळलेला चेहरा जास्त काम करतो. 'क'सारखा आवाज मुलाला काढताच येत नसेल तर मात्र आधी तो बसवावा लागतो: जिभेचं टोक चमच्याने हलकेच खाली धरून 'क', मग 'का', मग शब्द, वाक्य, गप्पा.

फाइलमध्ये 'उच्चार सुधारणे' असं ध्येय लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. 'शब्दाच्या सुरुवातीचा क, चित्र बघून, मदतीशिवाय, 20 पैकी 16 वेळा, सलग 2 सत्रांत' असं लिहा, म्हणजे ते गाठलं की नाही हे कुणालाही कळेल.

एका ठिकाणी मात्र कानावर विसंबू नका, ते म्हणजे गिळणं. गिळायला त्रास होणारे रुग्णही स्पीच थेरपिस्टकडेच येतात. घोट श्वासनलिकेत उतरूनही काही रुग्णांना ठसकाच लागत नाही. शंका असेल तर बेरियमचा एक्स-रे व्हिडिओ किंवा नाकातून दुर्बीण घालूनच बघावं लागतं. आणि अशा रुग्णांना द्यायच्या दाट केलेल्या पाण्याचा दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका. 10 मिलीची सिरिंज घ्या, पण शून्य ते 10 खुणांची लांबी 61.5 मिमी आहे ना ते तपासून. दट्ट्या काढा, सिरिंजच्या खालच्या टोकावर बोट ठेवून 10 मिलीच्या खुणेपर्यंत भरा, मग बोट काढून 10 सेकंद गळू द्या. 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर (IDDSI) पातळी 1, 4 ते 8 उरलं तर 2, त्याहून जास्त उरूनही थोडं गळालं तर 3. स्टार्चवालं दाटीकरण ठेवल्यावर आणखी घट्ट होत जातं, म्हणून ही चाचणी कालवताना नाही, पाजायच्या वेळी करायची.