साहेब, सगळं ठीक आहे!

टीमची जबाबदारी मिळाली? अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: वाईट बातमी तुमच्या टेबलापर्यंत पोचता कामा नये. काम बोंबललं, तर ते तुम्हाला थेट ग्राहकाच्या फोनवरून कळलं पाहिजे. चांगली बोलकी टीमसुद्धा बघता बघता गप्प करता येते.

सुरुवात पहिल्या कबुलीपासून करा. "सर, कालच्या रिपोर्टमध्ये जुने आकडे गेलेत," असं कुणी आपणहून सांगायला आलं, की "आता काय करता येईल?" हा प्रश्न ओठांवरसुद्धा येऊ देऊ नका. विचारायचं ते "कुणी केलं हे?" आणि तेही आजूबाजूच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात. पुढच्या वेळी चूक होईलच, फक्त सांगायला कुणी येणार नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेला 1990च्या दशकात रुग्णालयांमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली होती. जिथे वरिष्ठांशी संबंध चांगले, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. कारण तिथले लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. तुम्हाला कोरी करकरीत नोंदवही हवी असेल, तर ओरडण्याला पर्याय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोलायचं, असं कॅलेंडरवर जरूर टाका. मग दहा मिनिटं आधी रद्द करा. ओळीनं तीनदा झालं, की समोरचा मुद्दे लिहून आणायचं आपसूक सोडतो. रद्द करणं अगदीच अशक्य असेल, तर लॅपटॉप उघडा ठेवून शीटवर आधीच भरलेला कामाचा हिशेब त्याच्याच तोंडून पुन्हा ऐका. अठ्ठावीस मिनिटं झाली, की चार्जर गुंडाळत, उभं राहून विचारा, "बाकी काही अडचण नाही ना?" प्रश्नातला तो "नाही ना" फार महत्त्वाचा. उत्तर त्यातच देऊन ठेवलेलं असतं.

कौतुक करा, पण मोघम. "छान काम, टीम!" एवढं पुरे. "बिल जायच्या आधी दोन याद्यांतली तफावत तू पकडलीस, म्हणून दुरुस्ती वाचली," असं नेमकं बोललात, तर तो माणूस पुढेही याद्या ताडून बघेल. चूक दाखवताना मात्र अजिबात मोघम राहू नका. ती ग्रुपवर, नावानिशी, आणि सीसीमध्ये तुमचे साहेब.

श्रेय कुणाचं आणि खापर कुणावर, हे शिकवायला नको. खुर्चीत बसलं की येतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला "सोमवारी सकाळी पहिल्यांदा हेच लागेल" असा मेल टाका आणि ती फाइल गुरुवारी उघडा.

वार्षिक मूल्यमापनासाठी दर महिन्याला माणसागणिक दोन ओळी टिपून ठेवायचा उद्योग करू नका. त्यानं वर्षभराचं काम डोळ्यांसमोर राहतं आणि मग रेटिंग देणं जड जातं. शेवटच्या तीन आठवड्यांत जे आठवतं, त्यावर भागवा. फेब्रुवारीत खटकलेली गोष्ट मात्र डिसेंबरपर्यंत जपून ठेवा आणि मूल्यमापनाच्या दिवशीच पहिल्यांदा काढा. सुधारायला वेळ मिळाला, तर तक्रारच उरायची नाही.

यथावकाश राजीनामे येतील. कारण प्रत्येकाचं "वैयक्तिक". खोलात जाऊ नका, सही करा. जाणाऱ्याकडून पासवर्ड तेवढे मागून घ्या. कुठलं काम कुठवर आलंय, हे तुमच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं.